इस्पिरित सांताचे नावान

गोराईत अजून स्वतःचं भात पिकवणारी घरं आता बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत, आणि त्यांतलं खाडीला अगदी चिकटलेलं शेत रेजिनबायचं. त्याला मोठी खार म्हणतात. एका अंगाला तिवरांची दाटी, मधे मातीचा बांध आणि बांधाच्या आत दीड एकर खारी जमीन. तिथे दुसरं काही तगत नाही. राता तेवढा येतो, लाल, ठेंगणा, हट्टी तांदूळ. "माजे बायकोसारका," असं तिचा नवरा कायतान चारचौघांत सांगायचा, आणि रेजिनबाय ते कौतुकच धरून चालायची.

ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी गावात आगेरा असतो. नव्या भाताची पहिली पेंढी वाजतगाजत देवळात जाते, फादर तिच्यावर पवित्र पाणी शिंपडतात, आणि त्यानंतरच घरोघर नवा तांदूळ चुलीवर चढतो. देवळात म्हणजे चर्चमध्ये; गावातली जुनी माणसं अजून देवलच म्हणतात. ही पेंढी रेजिनबायच्या सासूच्या सासूपासून मोठ्या खारीतूनच जात आली होती. आजूबाजूची शेतं गेली, त्यांच्या जागी बंगले आले, पोहायचे तलाव आले, पण पेंढी हलली नाही. याचा रेजिनबायला गर्व होता. गर्व हे पाप आहे हे तिला चांगलं ठाऊक होतं. तरी फादरपुढे कुमसाराला बसली की ती बाकीची सगळी पापं सांगायची आणि हे एक तेवढं वगळायची.

यंदा नवे फादर आले. नगरकडचे, तरुण, बोलायला मऊ. त्यांनी नियम काढला की आगेऱ्याला जो जो अर्पण घेऊन चढेल त्याने आधी चार रविवार धर्मशिक्षणाच्या वर्गाला बसायचं. वर्ग घेणार ग्लेन. ग्लेन गावचाच, बत्तीस वर्षांचा, बोरिवलीला बँकेत, आणि आगेऱ्याच्या कमिटीचा सेक्रेटरी. रेजिनबायचं वय अडुसष्ट. ती धुतलेलं लुगडं नेसून हॉलमध्ये पहिल्या रांगेत प्लास्टिकच्या खुर्चीवर जाऊन बसली. मागे चाळीसेक माणसं.

"देव एक, पण व्यक्ती तीन," ग्लेन म्हणाला. "पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा. आता हे कसं काय? सिंपल आहे. पाणी घ्या. पाण्याचा बर्फ होतो, पाण्याची वाफ होते. पण तिन्ही पाणीच ना? झालं. संपला प्रश्न."

"नाय संपला," रेजिनबाय बसल्या जागेवरून म्हणाली. "बरफ झाला का पानी नाय रेत. वाफ झाली का बरफ नाय. मंग पुत्र खुरसावर व्हता तवा बाप कुटं व्हता? वाफ व्हऊन गेलता?"

मागे कुणीतरी फिसकन हसलं. ग्लेनचे कान लाल झाले.

"बरं काकी, मग तुम्हीच सांगा."

रेजिनबाय उभी राहिली. "मना सांगता येत नाय. मना येवरंच ठाव हाय. बाप, तो देव. पुत्र, तो देव, तो खाली आला, आमचेसाटी मेला आनी उटला. आनी तिसरा इस्पिरित सांत. तो देवाचा मोटा सांत. सांत आंतोन हाय, सांत बस्त्यांव हाय, तसा इस्पिरित सांत. वारा तेचे हातान. भात वारवाला घेतला का मी तेलाच हाक मारतंय."

 हॉलमध्ये हसू फुटलं ते पार मागच्या रांगेपर्यंत गेलं.

चूक म्हटली तर साधी होती. या गावांत पोर्तुगीज गेले, पण त्यांचे शब्द राहिले. त्यांच्या भाषेत पवित्र आत्म्याला जे म्हणत त्याचं इथल्या जिभेवर इस्पिरित सांत झालं. त्यातल्या सांतचा अर्थ पवित्र. पण संतांच्या नावापुढेही तोच सांत लागतो. "बापाचे, पुत्राचे, इस्पिरित सांताचे नावान" म्हणत क्रुसाची खूण, म्हणजे खुरीस, करायला रेजिनबायला शिकवलं तिच्या आईने, आईला तिच्या आईने, आणि कुणीही थांबून विचारलं नाही की हा सांत कुठल्या गावचा.

"काकी, तो सेंट नाय," ग्लेन हसू दाबत म्हणाला. "तो देव आहे. तुम्ही तर साठ वर्षं देवाला डिमोट करून ठेवलंय!"

हॉल पुन्हा हसला. डिमोट म्हणजे काय ते रेजिनबायला कळलं नाही. घरी येऊन तिने मुलाला, इनासला विचारलं. तो मोबाईलवरून मान न काढता म्हणाला, "खालच्या पोस्टवर टाकनं. का गं?"

"काय नाय," ती म्हणाली.

दिवेलागणीला ती घरातल्या देव्हाऱ्यापुढे, आल्तारापुढे उभी राहिली. मेणबत्ती लावली. हात कपाळाला नेला, बापाचे. छातीला नेला, पुत्राचे. मग तो डाव्या खांद्याशी आला आणि तिथेच अडकला. तिला खरोखर लाज वाटली. लग्न होऊन या घरात आली तेव्हा सासूने हातात सूप देऊन शिकवलं होतं, भात वारवताना, म्हणजे उपणून फोल उडवताना, वारा पडला की म्हणायचं, ये रे सांता. पन्नास वर्षं ती त्याला अरेतुरे करत आली. इनास तापाने फणफणला तेव्हा त्यालाच हाक मारली. कायतानचा गुडघा गेला तेव्हा त्यालाच. त्या सगळ्या हाका गेल्या कुठे? सांत म्हणून कुणी नव्हताच, तर ऐकलं कुणी? आणि असल्या बाईने देवापुढे पेंढी घेऊन चढायचं? हात तसाच खाली आणून तिने मेणबत्ती विझवली. "खुरीस पुरा केला नायस," मागून कायतान म्हणाला. तिने ऐकलं नाही असं दाखवलं.

दुसऱ्या दिवशी मोत मावलीचा, म्हणजे वांद्र्याच्या माउंट मेरीचा सण. अर्धा गाव सकाळच्या होडीने खाडी ओलांडून वांद्र्याला गेला. इनास बायकोला घेऊन गेला. त्याच दिवशी मोठं उधाणही होतं. बाराच्या सुमाराला रेजिनबाय उघाडीच्या फळ्या तपासायला बांधावर गेली. उघाडी म्हणजे बांधातलं लाकडी दार. ओहोटीला फळ्या काढायच्या की शेतातलं पाणी खाडीत जातं, भरतीला घालायच्या की खाडी बाहेर राहते. फळ्या ठीक होत्या. पण उघाडीपासून पंधरा पावलांवर बांध घाम आल्यासारखा ओला दिसत होता. ती जवळ पोचेपर्यंत तिथली माती बसली, आणि खाडीचं पाणी हातभर रुंदीने आत शिरलं.

"शेवंती!" ती ओरडली. "खांड पडली गं! बांधाला खांड पडली!"

शेवंती पाड्यावरची. तीस वर्षं दोघी एकत्र लावणी करत होत्या. ती पलीकडे गवत कापत होती. विळा टाकून पळत आली, खांडीकडे एकदा बघितलं आणि विचारत न बसता रस्त्याकडे धावली. गावात पुरुषमाणूस म्हणून तिला एक कायतान भेटला, जो काठीशिवाय चालत नव्हता, आणि एक ग्लेन, जो बँकेतून रजा घेऊन संध्याकाळच्या प्रार्थनेसाठी देवळात स्पीकर बांधत होता. तो इस्त्रीच्या पँटीत आणि बुटांतच आला.

तोवर खांड पुरुषभर रुंद झाली होती. भात नुकतं दुधावर आलं होतं, आणि लोंब्यांच्या मुळाशी करडं पाणी फिरत होतं.

"काकी, फायर ब्रिगेडला फोन लावू?"

"ताटी आन!" रेजिनबाय कमरेइतक्या पाण्यात उतरली होती. "खोपीची ताटी काड आनी आन!"

ग्लेनने राखणीच्या खोपीची कुडाची ताटी उपटून आणली. दोघांनी ती खांडीवर आडवी लावली आणि पाठ देऊन उभी राहिली. खाडी मागून ढकलत होती. शेवंती दोन्ही हातांनी चिखल काढून ताटीच्या बुडाशी थापत होती. कायतान बांधावर बसकण मारून पेंढ्याचे बोळे करून तिच्याकडे फेकत होता आणि सगळ्यांना शिव्या देत होता. ताटीच्या काड्या रेजिनबायच्या पाठीत घुसत होत्या. ग्लेनचा एक बूट गेला. मग दुसराही गेला.

"सुटतंय काकी! माझ्याच्याने नाय होत!"

"गप र्‍हा! दम धर!"

तिच्या तोंडात आपोआप आलं, "बापाचे... पुत्राचे..." आणि ती थांबली. तिसरं नाव घशातच राहिलं. कोणत्या तोंडाने घ्यायचं? सांत म्हणायचं की देव म्हणायचं? ताटीवरून उसळणारं पाणी तिच्या हनुवटीला लागत होतं आणि ही बाई शब्द शोधत होती.

"...इस्पिरित सांताचे नावान!" शेजारी ग्लेन किंचाळला. "इस्पिरित सांताचे नावान, इस्पिरित सांताचे नावान, आई गं..."

शाळा, कॉलेज, बँक सगळं त्याच्या अंगावरून वाहून गेलं होतं आणि आजीने दिलेलं तेवढं उरलं होतं. तो रडत होता की तोंडावर पाणी होतं ते कळायला मार्ग नव्हता. पण पाय त्याने हलवले नाहीत. रेजिनबायनेही नाही. शेवंती थापत राहिली. सव्वा तास गेला. मग पाठीवरचा जोर हळूहळू सैल पडला. ओहोटी लागली होती.

चौघं बांधावर चिखलात पडून राहिली. शेवंतीच्या नखांतून रक्त येत होतं. बऱ्याच वेळाने रेजिनबाय उठून बसली.

"ग्लेन, मगाशी काय बोललास?"

ग्लेन शरमला. "ते... आजीचं आलं तोंडात. सॉरी काकी. म्हणजे काल मी तुम्हाला हसलो ना..."

"ते र्‍हाव दे. काय बोललास ते बोल."

"बापाचे, पुत्राचे, इस्पिरित सांताचे नावान."

"नावान," रेजिनबाय म्हणाली. तिने तीन बोटं मोजली. "तिघां हाईत ना रे? कायतानचे, शेवंतीचे नी माजे अशी तिघांची नावां घेतली तं तू काय बोलशील? नावान का नावांनी?"

"नावांनी. तिघं म्हणजे नावांनी."

"तुजे पुस्तकान काय लिवलंय?"

ग्लेनचे ओठ हलले. तो मनातल्या मनात म्हणून बघत होता. पित्याच्या आणि पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या. "नावाने," तो म्हणाला. "काकी, नावाने. एकच."

"तिघां हाईत, पन नाव येकच हाय," रेजिनबाय म्हणाली. तिचा आवाज चढला. "माजे आयशीन मना बरोबर शिकवलंय! मना सांताचा अर्थ ठाव नव्हता, पन मी नावांनी कदी बोलले नाय. नावानच बोलले. तं मी बापाला हाक मारली, पुत्राला मारली, नाय तं वार्‍यातल्याला मारली, हाक येकेच नावाला गेली. गेली का नाय?"

"गेली," शेवंती म्हणाली. तिला यातलं काही ठाऊक नव्हतं, पण रेजिनबायची बाजू कोणती ते तिला पक्कं कळलं होतं.

ग्लेन सरसावून बसला. "म्हणजे काकी, हे असं आहे बघा, एका घराला तीन दारं असतात ना, तसं..."

"नाय!" रेजिनबायने चिखलाचा हात वर केला. "घर घर हाय. पानी पानी हाय. देव देव हाय. तेला कशाचेसारका करू नकोस. कलत नाय तं कलत नाय बोलावं. ते कलनं आपले वाट्याचं नाय. आपले वाट्याचं हाक मारनं."

मग तिने तिथेच, चिखलाने भरलेल्या हाताने, कपाळ, छाती, डावा खांदा आणि उजवा खांदा असा खुरीस पुरा केला. चारही जागी चिखल लागला. "कालचा रेयला व्हता," ती कायतानला म्हणाली.

पुढचे दिवस नुसत्या कामाचे गेले. रोज ओहोटीला फळ्या काढायच्या, शेतातलं खारं पाणी सोडायचं, भरती यायच्या आत फळ्या घालायच्या. भरतीची वेळ रोज पाऊण तासाने पुढे सरकते, तशी रेजिनबायची जेवणं, झोपा सगळं सरकत गेलं. इनास कामावरून आला की बांधावर माती टाकायचा. ग्लेन दोन रविवार वर्ग आटोपून थेट चिखलात आला, या वेळेला बहिणीच्या नवऱ्याची हाफ पँट घालून. वर्गात त्याने बर्फ आणि वाफ परत काढली नाही. दोन मोठ्या सरी आल्या, त्यांनी थोडं मीठ धुऊन नेलं. तरी सखल भागातला राता पिवळा पडला, मग पांढरा झाला, आणि हात लावला की लोंबी फोलासारखी हलकी लागायची. बांधाच्या कडेचा उंच कोपरा तेवढा हिरवा राहिला. दहा पावलं लांब, सहा पावलं रुंद.

अमावास्येच्या उधाणाला सगळे बांधावर उभे राहिले. नव्या मातीला पाणी लागलं, चढलं, वीतभर खाली येऊन थांबलं. बांध टिकला. कायतानने सदऱ्याच्या खिशातून विडी काढली आणि अख्खी ओढली.

दुसऱ्या दिवशी ग्लेन घरी आला आणि दारातच घुटमळला. "काकी, कमिटीने ठरवलंय. पेंढी पालघरवरून मागवायची. मी नको म्हणालो, खरंच. पण ते म्हणतात, यंदा रेजिनकाकीचं शेत गेलं, रिकाम्या हाताने कसं चालेल? लोकं येतात, फोटो काढतात..."

रेजिनबाय सुपात तांदूळ निवडत होती. हाताचं काम तिने थांबवलं नाही.

"मागवा. दारान उभी करा. फोटू काडा. देवाला मी आनतंय."

"पण फादरनी विचारलं तर?"

"फादरला मी सांगन."

आणि ती तशीच उठून गेली. फादर देवळाच्या अंगणात झाडांना पाणी घालत होते. तिने त्यांना सगळं सांगितलं: साठ वर्षं देवाला सांत म्हटलं ते, हॉल हसला ते, खांड, ताटी आणि नावान. आणि न विचारता हेही सांगितलं की पेंढीचा तिला गर्व आहे, तो तिने कधी कुमसारात सांगितला नाही, आणि आताही तो गेलेला नाही. फादरच्या हातातली झारी कधीच रिकामी झाली होती.

"रेजिनबाई," फादर म्हणाले, "मी अकरा वर्षं सेमिनरीत होतो. त्रैक्यावर परीक्षा दिल्या, पास झालो. देव तीन असून एक कसा, हे मलाही कळलेलं नाही. पण माझ्या आजवरच्या प्रवचनांपेक्षा तुमचं ते 'नावान' बरं आहे." त्यांनी झारी खाली ठेवली. "पेंढी तुम्ही आणा. किती का असेना."

"आनी गर्वाचं काय?"

"ते आगेरा झाल्यावर बघू," फादर म्हणाले.

आगेऱ्याच्या रविवारी पहाट फुटताच रेजिनबाय आणि शेवंती उंच कोपऱ्यात उतरल्या. भरलेल्या लोंब्या एकेक बघून कापल्या. बाकीच्या अजून हिरवट होत्या; शेवटी जमलं ते मुठीत मावेल इतकंच. काही टोकं मिठाने पांढरी होती. शेवंती ती खुडायला लागली तशी रेजिनबायने तिचा हात धरला. "र्‍हाव दे. त्यानी बी काय सोसलंय ते देवाला बघू दे."

देवळाच्या दारात पालघरची पेंढी उभी होती. पुरुषभर उंच, सोनेरी, हिरवी रिबीन बांधलेली. लोक तिच्याशेजारी उभे राहून फोटो काढत होते, आणि पेंढी छानच होती, खोटं कशाला बोला. मडक्याचा घुमट वाजू लागला, वाजंत्री सुरू झाली. रेजिनबायने लाल लुगडं नेसलं होतं, अंगावर सासूचे सोन्याचे दागिने घातले होते, आणि दोन्ही हातांत तो मूठभर राता धरून ती मधल्या वाटेने निघाली. बाजूच्या बाकावरून कुणीतरी हळूच म्हणालं, "इतकीच?"

रेजिनबायने ऐकलं. ती थांबली आणि त्या बाकाकडे वळून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "इतकीच. खाडीचे तोंडातून काडून आनलीय."

मग ती ताठ मानेने पुढे गेली. आल्तारापाशी फादरनी दोन्ही हात पुढे करून लोंब्या घेतल्या. आशीर्वादाची प्रार्थना सुरू करायला ग्लेन माईकपाशी उभा होता. त्याच्या हातात छापील कागद होता. त्याने कागदाकडे बघितलं, रेजिनबायकडे बघितलं आणि कागदाची घडी करून खिशात घातली.

"बापाचे," तो म्हणाला, "पुत्राचे..."

अख्ख्या देवळात हात कपाळावरून छातीवर आले. आणि आल्तारावरून, नगरकडच्या त्या मऊ आवाजात, अडखळत, पण माईकची गरज लागू नये इतक्या मोठ्याने फादरनी पुरं केलं:

"इस्पिरित सांताचे नावान."

मागच्या बाकांवरच्या म्हाताऱ्यांनी कित्येक वर्षांत देवळात हे शब्द मोठ्याने म्हटले नव्हते. पोरांना लाज वाटते म्हणून त्या मनात म्हणायच्या. त्या सगळ्यांनी मिळून "आमेन" म्हटलं. ते इतकं दणदणीत होतं की दारातला घुमटवाला दचकला. रेजिनबायला रडू आलं आणि तिने ते पुसलं नाही. एवढा गर्व तिला जन्मात वाटला नव्हता, आणि या वेळचा कुमसारात सांगायचा नाही हे तिने तिथेच ठरवलं.

मिस्सा संपल्यावर अंगणात मैद्याचे गोल फुगे तळले जात होते, गाणी सुरू झाली होती. ग्लेन पानावर गरम फुगे घेऊन तिला शोधत आला. "काकी, चला ना, सगळे तुमच्यासोबत फोटो काढायचा म्हणतात."

"साडेअकराची भरती हाय," रेजिनबाय म्हणाली. "फल्या कोन घालनार? तुजा फोटू?" तिने त्याच्या पानातले दोन फुगे उचलले आणि लुगड्याचा काष्टा खोचत निघाली.

बांधावर कुणी नव्हतं. तिने दागिने काढून पदराला बांधले, गुडघाभर पाण्यात उतरली आणि एकेक फळी खाचेत बसवली. शेवटची फळी पाण्याने फुगली होती, जाईना. तिने खांदा लावून ती ठोकली. बाहेर खाडी चढत होती. उंच कोपऱ्यातल्या उरलेल्या लोंब्यांवरून वारा आला आणि तिच्या घामेजल्या मानेला लागला.

आता तो कोण आहे हे तिला ठाऊक होतं. म्हणून तिने आधी ओला हात लुगड्याला पुसला, डोक्यावर पदर घेतला. आणि मग पन्नास वर्षांच्या सवयीनेच म्हणाली, "आलास रे सांता?"

वारा लोंब्यांमधून फिरत राहिला.

"ये," ती म्हणाली. "पुडचे आठवड्यान वारवाचं हाय."